इनासचा कान

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, गुडघे टेकले तेव्हा फादरनाही सांगितली नाही. तिथे मी राग केला, आळस केला, रविवारची मिस्सा चुकवली, असली नेहमीची पापं सांगून उठत आलो. रोशनच्या गाडीतले कोड मी पुसले होते. इनासने गाडी ऐकण्याच्या आधीच पुसले होते, आणि त्याने विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं की मशीन काही दाखवत नाही. लिहून काढल्यावर हे इतकं लहान दिसतंय की ह्यापायी एक माणूस खचला असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही. म्हणून आधी इनास कोण होता ते सांगतो.

सांडोरला रस्त्याला लागून त्याची केळीची वाडी होती. तिचा पुढचा तुकडा मोकळा करून त्याने पत्र्याचं गॅरेज टाकलं होतं. पाटी नव्हती. पाटी लावली की अनोळखी लोक येतात, आणि अनोळखी लोक घाई करतात, असं त्याचं म्हणणं. पोट सुटलेलं, हाफ पँट, उघड्या गळ्यात जपमाळ, आणि आवाज असा की पलीकडच्या वाडीत पाणी लावणारा माणूस ओ द्यायचा. बढाई मारण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. वसईत गाड्या दुरुस्त करणारे दोघेच, एक मी आणि दुसरा कोण ते आठवत नाही, हे तो गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकवायचा. माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, पण आमच्याकडच्या रीतीने अरे-तुरेच करायचो.

गाडी आली की पहिलं काम गिऱ्हाइकाला गप्प करण्याचं. “तू बोलू नको. तिला बोलू दे.” मग बॉनेट उघडून तो एक हात गाडीच्या अंगावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि तोंड थोडं उघडं टाकायचा. तोंड उघडं असलं की कान दुप्पट काम करतो, असा त्याचा शोध होता. तसा तो उभा असला की पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटायचं, ह्याला चक्कर येतेय. थोड्या वेळाने डोळे उघडून तो निकाल द्यायचा. निकाल चुकला तर गिऱ्हाईक मध्ये खोकलं होतं म्हणून चुकला. आणि तो चुकायचा, बऱ्याचदा चुकायचा. हे मुद्दाम लिहितोय, कारण तो गेल्यावर लोक त्याला जादूगार करून टाकायला लागले आहेत.

दुपारी जेवून आला की गॅरेजमध्ये ज्या गाडीची मागची सीट सगळ्यात मऊ असेल तिच्यात तो झोपायचा. एकदा वकीलसाहेब आपली गाडी न्यायला आले, बसून निघाले, आणि वळणावर मागून कुणीतरी घोरलं.

मी त्याच्याकडे आलो तो वसई पूर्वेची माझी कंपनी बंद पडल्यावर. मला स्कॅनर चालवता येत होता. आताच्या गाडीत काही बिघडलं की आतला कॉम्प्युटर त्याचा एक कोड साठवून ठेवतो आणि समोर इंजिनाच्या चित्राची पिवळी लाईट पेटवतो. स्कॅनर जोडला की तो कोड वाचता येतो. आणि पुसताही येतो. पुसला की लाईट जाते, बिघाड तिथेच राहतो, आणि गाडी काही दिवस चालल्यावर लाईट परत येते. इनासने मला कोपऱ्यात एक टेबल दिलं आणि माझ्या स्कॅनरला ‘तुझा टीव्ही’ म्हणायला लागला. “लाईट रडते रे नुसती,” तो म्हणायचा, “इंजिन बोलतं.”

तरी माणूस मोकळ्या मनाचा होता. एका शिक्षकांची गाडी चालता चालता बंद पडायची. इनासने प्लग बदलले, पेट्रोलचा पंप उतरवून चढवला, शिक्षकांना दोन वेळा बाहेर उभं केलं. माझा टीव्ही पहिल्या दिवसापासून एका सेन्सरचं नाव दाखवत होता, आणि ते ऐकून घ्यायला तो तयार नव्हता. शेवटी वैतागून म्हणाला, बदल बाबा तुझा तो सेन्सर. गाडी सुधारली. दुसरा कुणी असता तर ही गोष्ट तिथेच दाबून टाकली असती. इनास संध्याकाळी बाजारात केळी घेऊन बसलेल्या बायकांपासून चर्चच्या आवारातल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगत फिरला, की मला जे ऐकू येत नाही ते आपल्या पोराच्या टीव्हीला दिसतं. चाळिशीतल्या माणसाला तो पोरगा म्हणाला, ह्याचं मला तेव्हा हसू आलं. त्या दिवसापासून गाडी ऐकून झाली की तो माझ्या टेबलाकडे मान वळवायचा आणि विचारायचा, तुझा काय म्हणतो. निकाल त्यानंतर द्यायचा.

त्याच्या धुपाटण्याची हकीकत सगळ्यांना माहीत आहे. एक गाडी उभ्या उभ्या थरथरायची, आणि आमच्या भाषेत सांगायचं तर ‘एअर घेत’ होती. म्हणजे फिल्टरमधून मोजून जायची ती हवा सोडून आणखी कुठल्यातरी भेगेतून इंजिन हवा ओढत होतं. अशी भेग शोधायला आत धूर सोडतात. धूर जिथून बाहेर येईल तिथे भेग. त्याचं मशीन मिळतं, आमच्याकडे नव्हतं. इनासने चर्चच्या मागच्या खोलीतून साखळी तुटलेलं जुनं धुपाटणं मागून आणलं, त्यात करवंटीचे निखारे आणि धूप घातला, वर पत्र्याचं झाकण ठोकलं आणि लांबलचक नळीने तो धूर इंजिनात फुंकला. पेट्रोलच्या गाडीजवळ निखारे म्हटल्यावर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिलो होतो. भेग सापडली. पुढे आठवडाभर गॅरेजला मोठ्या सणाचा वास येत होता. फादर चौकशीला आले, तर हा त्यांना म्हणतो, काही नाही फादर, हिचा आत्मा कुठून बाहेर पडतोय तेवढं बघत होतो. फादर हसले. फक्त ते भांडं आता परत आणू नकोस म्हणाले. मग ते गॅरेजच्या खिळ्यालाच लटकत राहिलं.

आणि त्याचा एक नेम होता. आमच्याकडे गाडी घेतली की चर्चच्या दारात नेऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतात. इनासने ऐकून पास केलेली जुनी गाडी असली की आशीर्वादाच्या वेळी तो स्वतः हजर असायचा आणि इंजिन चालू ठेवायला लावायचा. फादरनी प्रार्थना म्हणायची, ह्याने बॉनेटवर हात ठेवून उभं राहायचं. इंजिन थरथरलं तर तो सरळ सांगायचा, थांबा फादर, ही तयार नाही. एकदोन गाड्या त्याने खरोखर आशीर्वादाशिवाय परत आणल्या होत्या. त्यामुळे पाचूबंदरपासून अर्नाळ्यापर्यंत लोक म्हणायचे, इनासने हात ठेवलाय, डोळे मिटून घे.

ह्याच माणसाने एका दुपारी, गॅरेजमध्ये कुणी नसताना, मला आपल्या मागे उभं राहायला सांगितलं होतं. फिलू वहिनी, म्हणजे त्याची बायको, घरात टीव्ही मोठ्याने लावतो म्हणून ओरडायची. मिस्सेत फादर हळू बोलले तर ते त्याला कळेनासं झालं होतं. तो मला म्हणाला, कानाजवळ बोटं घास, आणि कुठल्या बाजूला घासतोस ते सांगू नको. मी घासली. डावीकडचं त्याने लगेच सांगितलं. उजवीकडे घासलं तेव्हा जरा थांबला आणि म्हणाला, उजवी असेल. मग माझ्याकडे न बघता बोलला, “फिलूला सांगू नको. गिऱ्हाइकांना तर मुळीच नको.” मी नाही सांगितलं. माझ्याजवळ गोष्ट राहते म्हणूनच त्याने मला निवडलं असणार.

विल्सन माझ्या बहिणीचा नवरा. तुळिंजला जुन्या गाड्या घ्यायचा, विकायचा. त्याच्याकडे कुठूनतरी एक स्पोर्ट्स कार आली होती. पिवळी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी, आणि कितव्या मालकाची ते कुणालाच माहीत नसलेली. एका रविवारी मिस्सा झाल्यावर तो बहिणीला घेऊन माझ्या घरी आला. गाडीची लाईट पेटलीय, गिऱ्हाईक यायचंय, फक्त लाईट घालव, गाडीचं सगळं मी नंतर नीट करून देतो, असं तो म्हणाला. बहीण माझ्याकडे बघत राहिली. त्याआधी ती दोनदा घर सोडून माहेरी आली होती, आणि दोन्ही वेळा विल्सनचा एखादा व्यवहार बसलेला होता. मी गेलो. स्कॅनर जोडला. इंजिनात हवा जास्त जातेय असा एक कोड होता, आणि इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे मध्येच ठोका चुकवतंय, असा दुसरा. उभ्या गाडीची थरथर हाताला लागत होती. कुठलीतरी रबरी नळी फाटलीय हे मला तिथेच कळलं. मी बटण दाबलं, लाईट विझली, आणि त्यांच्याकडे चहा घेऊन मी घरी आलो. गिऱ्हाईक कोण हे मी विचारलं नाही.

एकदोन दिवसांनी तीच गाडी आमच्या रस्त्यावरून वळून गॅरेजमध्ये शिरली. चालवत होता पाचूबंदरचा रोशन. जहाजावर स्वयंपाकाच्या कामाला होता, लग्नासाठी सुट्टीवर आलेला. नवरीला चर्चला ह्याच गाडीतून आणायचं असं त्याने मनात घेतलं होतं. बरोबर त्याचे वडील, पेद्रू. त्यांची बोट होती, आणि पोराने पैसे बोटीत घालायचे सोडून हे काय घेतोय म्हणून ते आधीच तापलेले. “चार मानसं बसत नाय ती गाडी कसली?” असं ते आल्यापासून तीन जणांना विचारून झाले होते. तरी इनासने हात ठेवला तर माझं काही म्हणणं नाही, एवढं त्यांनी पोराला कबूल केलं होतं.

मी टेबलावरून उठलो नाही.

इनासने गाडीला बेडूक म्हटलं, सगळ्यांना गप्प केलं आणि डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ तो तसाच होता. मग म्हणाला, “ही तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसासारखी श्वास घेतेय. एअर घेतेय कुठूनतरी.” आणि माझ्याकडे मान वळवली.

मी स्कॅनर जोडला. कोड एकही नव्हता. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही पुसल्या जातात आणि दुसऱ्या एका पानावर त्या सगळ्या अपूर्ण दिसतात. ते पान बघणाऱ्याला कळतं, की कुणीतरी आत्ताच हात मारलाय. गॅरेजमध्ये ते पान वाचता येणारा मी एकटाच होतो. मी पहिलं पान इनासपुढे धरलं.

“काही नाही, दादा. स्वच्छ आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

त्याने एक कान तळहाताने झाकला आणि ऐकलं. मग दुसरा झाकून ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते त्या बापलेकांना कळलं नाही. मला कळलं. मग तो अगदी हळू मला म्हणाला, “धुपाटणं काढू का?”

इथे मी हो म्हणायला हवं होतं. कोड मी पुसले हे न सांगताही हो म्हणता आलं असतं. निखारे पेटवेपर्यंत वेळ गेला असता, पण धूर भेगेतून आला असता, विल्सनने नळी बदलून दिली असती आणि ही गोष्ट तिथेच मिटली असती. मी म्हणालो, “कशाला उगाच? मशीन दाखवत नाही ना काही.”

तो हसला. वळून रोशनला मोठ्याने म्हणाला, “घे रे. माझा कान म्हातारा झाला, ह्याचा टीव्ही तरणा आहे.”

पेद्रूही हसले. आशीर्वादाच्या वेळी इंजिन चालू होतं आणि इनासचा हात बॉनेटवर होता. गाडी थरथरत होती. त्याने प्रार्थना संपेपर्यंत दोनदा माझ्याकडे बघितलं. मी चर्चच्या भिंतीकडे बघत होतो. फादरनी पाणी शिंपडलं. इनासने त्यांना थांबवलं नाही.

लग्नाच्या दिवशी गाडी बाजाराच्या वळणावर एकदा बंद पडली आणि चालू झाली. किल्ल्याच्या अलीकडे परत बंद पडली, आणि मग चालूच होईना. अरुंद रस्ता, मागे बँड, त्याच्यामागे पाहुण्यांच्या रिक्षा. रोशन कोट घालून चावी फिरवत बसला होता आणि चावी फिरवताना इंजिनाचा जो आवाज येतो तो सगळ्या रस्त्याला ऐकू जात होता. मासळीच्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. शेवटी नवरी उतरली. पांढऱ्या झग्याचं टोक दोन मुलींनी उचललं, आणि ती ओल्या रस्त्यावरून चर्चपर्यंत चालत गेली. कुणीतरी हसलं. बँडवाल्यांनी वाजवावं की थांबावं हे त्यांना कळेना, म्हणून अर्धे वाजवत होते.

इनास सुटाबुटात माझ्याशेजारी उभा होता. पेद्रू त्याच्यापाशी आले. आवाज चढवला नाही.

“कान गेलं तुजं, इनास. कवाच गेलं. सांगायचं व्हतं ना.”

“हो रे,” इनास म्हणाला. “गेले.”

मी तिथे हातभर अंतरावर होतो.

गाडी ओढून मीच गॅरेजला नेली. इंजिनाच्या मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचतो अशा जागी, रबरी नळीला बोटाएवढी भेग होती. मी नवी नळी घातली, जुनी खाडीत टाकून दिली, आणि रोशनला सांगितलं की कॉइल गेली होती. गाडी अजून चालतेय. सुट्टीवर आला की तो किल्ल्याच्या रस्त्याने ती फिरवतो आणि मला बघून हॉर्न देतो.

इनास त्यानंतर गॅरेजला येत राहिला, पण गिऱ्हाइकांना गप्प करायचं त्याने सोडून दिलं. ती बोलत राहायची, हा ऐकून घ्यायचा आणि माझ्या टेबलाकडे बोट करायचा. पुढे पुढे दुपारच्या झोपेपुरताच यायला लागला. मग तेही थांबलं. एक दिवस किल्ल्या माझ्याकडे देऊन म्हणाला, शटर तूच लावत जा. फिलू वहिनी कानाच्या डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली तर तो म्हणाला, जे माहीत आहे ते विचारायला कशाला जायचं. त्यामुळे त्याचा कान कधी तपासला गेलाच नाही.

मी का बोललो नाही, ह्याचं उत्तर मी स्वतःला बहिणीचं नाव घेऊन देत आलो. पाचूबंदरच्या लोकांना कळलं असतं तर विल्सनचं दुकान बसलं असतं आणि ती परत घरी आली असती. हे खरं आहे. पण तिचा संसार पुढे रुळावर आला, विल्सनने तो धंदा सोडून दुसरा धरला, तरी मी बोललो नाही. तेव्हा कारण दुसरं होतं. लोक माझ्याकडे यायला लागले होते. ज्याचं मशीन खोटं बोलत नाही तो माणूस, अशी माझी ओळख झाली होती. गॅरेजला पाटी लागली आहे. तिच्यावर माझं नाव आहे.

इनास ह्या वर्षीच्या उपवासकाळात गेला. झोपेत गेला. शवपेटीला मीही खांदा दिला. भेटायला येणाऱ्यांना फिलू वहिनी सांगत होती की शेवटी शेवटी त्याला काही ऐकूच येत नव्हतं, मी बोलायचे तर उत्तर द्यायचा नाही. लोक माना हलवत होते. मीही हलवली.

त्याला शेवटचा बघितला तो त्याआधी थोडे दिवस. गॅरेजचे पत्रे बदलायचे होते, त्याला विचारावं म्हणून मी मागे वाडीत गेलो. केळीला पाणी चालू होतं. तो बांधावर बसला होता, पंपापासून चांगला लांब. मला बघून उठला आणि पंपाकडे चालायला लागला, मला हाताने बोलावत.

“जरा ऐक रे,” म्हणाला. “बेअरिंग वाजतंय का? मला सकाळपासून वाटतंय, पण माझ्या वाटण्याला काय अर्थ.”

मी वाकलो. मला नुसती मोटर ऐकू येत होती. पान्ह्याच्या पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक मोटरला लावलं, मूठ कानाला लावली, तेव्हा कुठे आतली बारीक किरकिर लागली. बेअरिंगच होतं. त्याला ते बांधावर बसून, पाण्याच्या आवाजातून ऐकू आलं होतं.

स्क्रूड्रायव्हर अजून माझ्या कानाला होता. तो समोर उभा होता, तोंड मिटून, माझ्या चेहऱ्याकडे बघत. शाळेतला मुलगा निकालाची वाट बघतो तसा.

“वाजतंय,” मी म्हणालो.

“वाजतंय ना? मग बदलून टाक वेळ मिळेल तेव्हा.” आणि म्हणाला, “बरं झालं तू आलास.” पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं होतं. ते तोडायला तो केळींच्या पानांखालून वाकून आत गेला. मी त्याला हाक मारली असती तर त्याला ऐकू आली असती.

इंजिन ऐकण्यापुरता इनासचा कान शेवटपर्यंत शाबूत होता, आणि रोशनच्या गाडीबद्दल तो बरोबर होता. हे मला फिलू वहिनीला सांगायचं आहे. पाचूबंदरला जाऊन पेद्रू आणि रोशनला त्यांच्या दारात उभं राहून सांगायचं आहे, आणि कोड मी पुसले होते हेही. इनासचं गेलेलं नाव मी त्याला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.